हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या साहाय्याने हवेतील आणि पृष्ठभागांवरील जिवाणूंचा नाश कसा करावा

पाण्याच्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू काढून घेतला की मागे जे उरते, त्याला हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणतात. त्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी हा रॅडिकल समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो किंवा त्या रेणूलाच जाऊन चिकटतो. त्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता सुमारे २.८ व्होल्ट धरली जाते, ओझोनची २.०७, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७८ आणि क्लोरीनची १.३६ आहे. जिवाणूच्या बाह्य पटलातील मेदाम्लांवर त्याचा घाव बसला की एका रेणूपासून दुसऱ्याकडे जाणारी साखळी सुरू होते, पटल गळू लागते आणि त्यापाठोपाठ प्रथिने व डीएनए यांचीही मोडतोड होते. पेरॉक्साइडचे विघटन करण्यासाठी अनेक जिवाणूंकडे कॅटलेज नावाचे विकर असते. हायड्रॉक्सिलला थोपवणारे विकर मात्र कोणत्याच सजीवाकडे नाही, आणि त्यात आपणही आलो.

एवढे वाचून हे साधन अमोघ आहे असे वाटू लागते, आणि बाजारातील बहुतेक जाहिराती नेमक्या इथेच थांबतात. जो रॅडिकल समोर येईल त्याला धरतो, तो जिवाणूपर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्या कशाला तरी धरून संपलेला असतो. घरातील किंवा कार्यालयातील हवेत द्रावकांच्या वाफा, सुगंधी द्रव्ये, त्वचेतून सुटणारी तेले आणि स्वयंपाकाचा धूर यांचे रेणू इतके असतात, की हायड्रॉक्सिलचे आयुष्य तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. स्थिर हवेत एवढ्या वेळात तो स्वतःच्या गतीने जेमतेम दोन मिलिमीटर सरकतो. पंख्याने सेकंदाला दोन मीटर वेगाने हवा ढकलली तरी तो यंत्राच्या तोंडापासून वीतभर अंतरावर संपतो. म्हणून हे तंत्र वापरताना पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच ठेवावा: रॅडिकल नेमका कुठे तयार होतो आहे, आणि त्या जागी जिवाणू आहे का? पुढील सगळी कृती या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे. एक तर जिवाणू असलेली हवा रॅडिकलच्या जन्मस्थानापर्यंत ओढून न्यावी लागते, नाही तर जिवाणू ज्या पृष्ठभागावर बसला आहे तिथेच रॅडिकल जन्माला घालावा लागतो.

‘निसर्गातील प्रक्रियाच आम्ही खोलीत आणतो’ हा विक्रेत्यांचा दावाही इथेच तपासून घेऊ, कारण तो अर्धा खरा आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ओझोनचे विघटन करतात, त्यातून सुटलेला उत्तेजित ऑक्सिजन पाण्याच्या वाफेशी संयोग पावतो आणि हायड्रॉक्सिल तयार होतो. वातावरणाच्या खालच्या थरातील रसायनक्रियांवर त्याची सत्ता चालते, हे १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी मांडले. मोकळी हवा जिवाणूंना मारक ठरते हेही खरे आहे. इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथे १९६० च्या दशकात ड्रुएट आणि मे यांनी कोळ्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांवर जिवाणू बसवून ते उघड्यावर आणि बंद जागेत ठेवून पाहिले, तेव्हा उघड्यावरचे जिवाणू लवकर मेले. त्या मारक घटकाचा संबंध त्यांनी ओझोन आणि काही हायड्रोकार्बनांच्या प्रक्रियेशी जोडला होता, केवळ हायड्रॉक्सिलशी नव्हे. शिवाय भर दुपारी बाहेरच्या हवेतही हायड्रॉक्सिलचे प्रमाण एका घनसेंटीमीटरमध्ये दहा लाख ते काही दहा लाख इतकेच असते, म्हणजे हवेच्या साधारण २५ लाख कोटी रेणूंमागे एखादा. या प्रमाणात एक मायक्रोमीटर व्यासाच्या जिवाणूवर सेकंदाला शे-दीडशे रॅडिकल आदळतील असा ढोबळ हिशोब निघतो. आणि जिवाणूच्या पटलातील मेदरेणूंची संख्या कोटीच्या घरात असते. साखळीप्रक्रियेमुळे प्रत्येक घाव पुढे पसरतो हे धरले, तरी हे काम क्षणात होणारे नाही. खोली ‘निसर्गासारखी’ केली म्हणून कुणी खोकताच जंतू मरतील, अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये.

आधी जागा मोजून घ्यावी

यंत्राची चौकशी करण्यापूर्वी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून तिचे घनफळ काढावे, तिथे एका वेळी किती माणसे किती काळ बसतात ते लिहावे, आणि खिडक्या किंवा वायुवीजनाच्या नळांतून ताशी किती ताजी हवा येते याचा अंदाज घ्यावा. माणसे बसलेली असताना कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे उपकरण ठेवले तर हा अंदाज बराच नेमका येतो. आकडा चढत राहिला तर खोलीत आधी ताज्या हवेची गरज आहे असे समजावे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये माणसे वावरतात त्या जागांसाठी ताशी किमान पाच हवापालटांइतक्या स्वच्छ हवेचे लक्ष्य सुचवले आहे; एक हवापालट म्हणजे खोलीच्या घनफळाइतकी हवा. बाहेरून आलेली हवा, गाळणीतून आलेली हवा आणि जंतुनाशक उपकरणातून आलेली हवा या तिन्हींची बेरीज करून ते गाठता येते. हायड्रॉक्सिलचे यंत्र ही या बेरजेतील तिसरी रक्कम आहे, आणि माझ्या मते पहिल्या दोन रकमा शक्य तितक्या वाढवल्यानंतरच तिचा विचार करावा.

याच टप्प्यावर हेतूही स्पष्ट असावा. ‘निर्जंतुक’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. काटेकोर अर्थाने निर्जंतुक म्हणजे जिथे एकही जिवंत सूक्ष्मजीव, अगदी बीजाणूही (काही जिवाणूंचे कणखर, सुप्तावस्थेतील रूप), उरलेला नाही असे. माणसे वावरणारी खोली तशी कधीच होत नाही, आणि होण्याची गरजही नसते. आपण करतो ते जिवाणूंची संख्या घटवण्याचे काम, आणि ते नेहमी प्रमाणात मोजले जाते: ९० टक्के घट, ९९ टक्के घट, ९९.९ टक्के घट. यातील प्रत्येक पायरी चढायला साधारण तितकाच जास्तीचा वेळ लागतो.

यंत्र निवडताना

हायड्रॉक्सिल या नावाखाली विकली जाणारी यंत्रे एकाच जातीची नसतात. काहींत टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या जाळीवर अतिनील दिवा लावलेला असतो. प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी असली की या लेपातील इलेक्ट्रॉन जागा सोडतात आणि पृष्ठभागावरील पाण्याच्या रेणूंपासून हायड्रॉक्सिल तयार होतो. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून या शाखेची सुरुवात झाली आणि १९८५ पासून ती जिवाणूंवर आजमावली जाऊ लागली. दुसऱ्या प्रकारात पारा-बाष्पाचा दिवा १८५ आणि २५४ अशा दोन्ही नॅनोमीटरचे किरण टाकतो: पहिला ऑक्सिजनपासून ओझोन बनवतो, दुसरा तो ओझोन फोडतो, आणि दमट हवेत त्यातून हायड्रॉक्सिल निघतो. तिसऱ्या प्रकारात उच्च दाबाच्या विजेने हवेत आयन निर्माण केले जातात. चौथ्या प्रकारात हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ किंवा धुके सोडून त्यावर अतिनील प्रकाश टाकला जातो.

या सर्वांना तोच प्रश्न विचारावा. पहिल्या प्रकारात रॅडिकल जाळीच्या पृष्ठभागावर जन्मतो आणि तिथेच संपतो, म्हणजे हवा त्या जाळीला चाटून जायला हवी. ज्या यंत्रांत रॅडिकल बंद कक्षात तयार होतो आणि खोलीतली हवा पंख्याने त्या कक्षातून फिरवली जाते, त्यांचा हिशोब मांडता येतो. रॅडिकल ‘खोलीभर सोडतो’ असे म्हणणारे यंत्र प्रत्यक्षात ओझोन, पेरॉक्साइड किंवा अर्धवट ऑक्सिडीकरण झालेली संयुगे सोडत असते. तीच दूरवर जातात, कारण तीच तेवढी टिकतात. विक्रेत्याला हे ठाऊक नसते असे नाही.

आता आकड्यांकडे वळू. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, म्हणजे तिचे घनफळ ६० घनमीटर आहे, असे धरा. यंत्र ताशी ३०० घनमीटर हवा ओढते, म्हणजे ताशी पाच हवापालट. त्यातून एकदा गेलेल्या हवेतील ९० टक्के जिवाणू मरत असतील तर हे काम साडेचार हवापालटांच्या तोलाचे होते, आणि नव्याने जंतू येत नाहीत व हवा नीट मिसळते असे गृहीत धरले तर ९९ टक्के घट व्हायला सुमारे एक तास लागतो. तेच यंत्र एका फेरीत ३० टक्केच जिवाणू मारत असेल तर परिणामकारक हवापालट दीडवर येतात आणि तेवढ्याच घटीला तीन तास लागतात. आता हेच ३० टक्क्यांचे यंत्र एक घनमीटरच्या चाचणीपेटीत ठेवा: तिथे ती सगळी हवा ताशी तीनशे वेळा त्यातून फिरते, आणि ९९ टक्के घट तीन मिनिटांत होते. माहितीपत्रकावर ‘३ मिनिटांत ९९ टक्के’ असे छापले तर तो आकडा खोटा नसतो, पण तुमच्या खोलीत त्यासाठी तीन तास लागतात. म्हणून टक्केवारी दाखवली गेली की चाचणी किती घनफळाच्या पेटीत झाली, हवेचा ओघ किती होता आणि यंत्र बंद ठेवून मिळालेली नैसर्गिक घट वजा केली होती का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर यंत्र घेऊ नये.

ओझोनच्या बाबतीत याहून कडक राहावे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा दहा लाखांत ०.१ भाग आहे, आणि कॅलिफोर्निया राज्यात घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रातून निघणाऱ्या ओझोनचे प्रमाण ०.०५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. यूएल २९९८ हे प्रमाणन त्याहून पुढे जाऊन ०.००५ भागांची अट घालते. माणसे असताना चालवायचे यंत्र या तिसऱ्या कसोटीला उतरलेलेच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. १८५ नॅनोमीटरच्या किरणांवर चालणारी यंत्रे फक्त रिकाम्या जागेसाठी समजावीत.

हवेसाठी यंत्र चालवताना

यंत्र कोपऱ्यात, पडद्यामागे किंवा कपाटाच्या आडोशाला ठेवले तर ते स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढत राहते आणि खोलीची उरलेली हवा तशीच राहते. त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा ठेवावी, सोडलेली हवा खोलीच्या लांब बाजूकडे जाईल असे तोंड करावे, आणि छताचा पंखा मंद गतीने चालू ठेवून हवा मिसळू द्यावी. उदबत्तीचा किंवा धूपकांडीचा धूर यंत्राच्या हवा ओढणाऱ्या बाजूपासून दूर धरून तो कुठे जातो ते पाहिले, तर हवेची वाट दोन मिनिटांत कळते. ही तपासणी यंत्रातील दिवा बंद आणि पंखा चालू ठेवून करावी, आणि नंतर खिडक्या उघडून धूर पूर्ण जाऊ द्यावा, कारण धुराचे कण आणि वाफा हे रॅडिकलचे पहिले भक्ष्य असते.

दमटपणाही पाहावा. पाण्याच्या वाफेविना हायड्रॉक्सिल तयार होत नाही, म्हणून अगदी कोरड्या हवेत यंत्राची धार बोथट होते. उलट फार दमट हवेत टायटॅनियमच्या जाळीवर पाण्याचा थर बसून इतर रेणूंना जागाच मिळत नाही. ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवली की बहुतेक यंत्रे नीट चालतात आणि माणसांनाही बरे वाटते.

सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे खोलीतील इतर रसायने. हायड्रॉक्सिल सेंद्रिय वाफांचे थेट कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतो असे सांगितले जाते, पण तो प्रवास अनेक टप्प्यांचा असतो आणि मधल्या टप्प्यांवर फॉर्मल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड, अॅसिटोन अशी संयुगे आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. यंत्रातून हवा वेगाने निघून गेली की ही संयुगे अर्ध्यावर सुटून खोलीत येतात. लिंबूवर्गीय वासाच्या साबणांतील लिमोनीन आणि पाइनच्या वासाच्या फरशी पुसण्याच्या द्रवांतील पाइनीन या बाबतीत फारच तत्पर असतात. म्हणून यंत्र चालू असलेल्या खोलीत सुगंधी फवारे, अत्तरे, ताजा रंग, पॉलिश आणि द्रावकयुक्त गोंद ठेवू नयेत, आणि फरशी पुसायची झाल्यास गंधविरहित द्रव वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेतील फॉर्मल्डिहाइडसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे. नवे लाकडी फर्निचर असलेल्या खोलीत यंत्र लावण्यापूर्वी आणि नंतर हे प्रमाण मोजून घेणे शहाणपणाचे ठरते.

ओझोनसाठी नाकावर भरवसा ठेवू नये. वीज कडाडल्यानंतर येतो तसा तिखट वास सुरुवातीला जाणवतो, पण थोड्याच वेळात नाक त्याला सरावते आणि वास ‘गेला’ असे वाटते. मापक वापरावा, आणि यंत्र बंद असतानाचा आकडा आधी नोंदवून चालू असतानाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा, कारण स्वस्त संवेदक इतर वायूंनाही प्रतिसाद देतात. मापक नसेल तर एक जुनी युक्ती आहे: नैसर्गिक रबराचा पट्टा दोन खिळ्यांमध्ये ताणून यंत्राच्या तोंडापासून थोड्या अंतरावर आणि तसाच दुसरा पट्टा वेगळ्या खोलीत अंधारात लावून ठेवावा. ओझोन असेल तर काही दिवसांत पहिल्या पट्ट्यावर ताणाला आडव्या बारीक चिरा दिसू लागतात आणि दुसरा जसाच्या तसा राहतो. ही चाचणी प्रमाण सांगत नाही, संशय मात्र पक्का करते. घशात खवखव, डोळ्यांत चुरचुर किंवा छातीत जडपणा जाणवला तर आकड्यांची वाट न पाहता यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात. दमा असलेल्यांच्या आणि लहान मुलांच्या खोलीत ओझोन सोडणारे यंत्र ठेवूच नये.

पृष्ठभागांसाठी

हवेतून आलेला हायड्रॉक्सिल टेबलावरचे जिवाणू मारेल ही आशा वर सांगितलेल्या दोन मिलिमीटरच्या हिशोबात बसत नाही. पृष्ठभागावर तो तिथेच तयार व्हावा लागतो, आणि त्याची सर्वांत साधी व स्वस्त वाट हायड्रोजन पेरॉक्साइडमधून जाते. पेरॉक्साइडचा रेणू लहान आणि विद्युतभाररहित असल्याने तो जिवाणूच्या आत शिरतो, आतील लोहाशी त्याची गाठ पडते आणि हायड्रॉक्सिल नेमका डीएनएच्या शेजारी जन्मतो. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या जोडीचा हा गुण हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवला होता. त्यामागे हायड्रॉक्सिल आहे हे हाबर आणि वाइस यांनी १९३० च्या दशकात सुचवले. जो रॅडिकल हवेत दोन मिलिमीटरपलीकडे जाऊ शकत नाही, त्याला इथे काही नॅनोमीटरच जायचे असते. महागड्या यंत्रांच्या गर्दीत ही साधी बाटली विसरली जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

कृती अशी. पृष्ठभाग आधी साबणाच्या पाण्याने घासून, स्वच्छ पाण्याने पुसून कोरडा करावा. ही पायरी गाळता येत नाही, कारण मळ, रक्त, अन्नाचे कण आणि जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर पेरॉक्साइड आधीच खाऊन टाकतात. ओतल्याबरोबर जोरात फेस आला तर अनेकांना औषध ‘लागू पडले’ असे वाटते. वास्तविक तो फेस कॅटलेजने पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकल्याचा असतो, म्हणजे तेवढे द्रावण वाया गेलेले असते. फेस आला तर तो पुसून, जागा पुन्हा धुऊन नव्याने सुरुवात करावी. त्यानंतर ३ टक्के द्रावण संपूर्ण पृष्ठभाग ओला होईल इतके लावावे आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, साध्या द्रावणासाठी बहुधा दहा मिनिटे, तो ओलाच राहील याची काळजी घ्यावी. लावून लगेच पुसून टाकण्याची सवय या सगळ्या श्रमावर पाणी फिरवते. मध्येच वाळले तर पुन्हा लावावे. शेवटी अन्नाशी किंवा मुलांच्या तोंडाशी संपर्क येणारी जागा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावी.

द्रावण गडद रंगाच्या मूळ बाटलीतच ठेवावे, कारण प्रकाशाने ते बाटलीतच विघटित होते. व्हिनेगरमध्ये ते मिसळल्यास पेरॅसिटिक आम्ल तयार होते, जे डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते. ब्लीचमध्येही ते कधी मिसळू नये. संगमरवर, तांबे, पितळ आणि रंगीत कापड यांवर आधी कोपऱ्यात लावून पाहावे. ३० टक्क्यांचे द्रावण प्रयोगशाळेतील वस्तू आहे, ते त्वचा भाजते, आणि ते घरी आणून पातळ करण्याच्या फंदात पडू नये.

पेरॉक्साइडची वाफ किंवा धुके सोडून अतिनील प्रकाश टाकणारी यंत्रे रुग्णालये, औषधनिर्मितीचे कक्ष आणि प्रयोगशाळा यांत वापरली जातात, आणि तिथे ती बीजाणूंपर्यंत मजल मारतात. खोली पूर्ण रिकामी आणि झाकबंद करणे, वायुवीजन बंद करणे, दारावर सूचना लावणे आणि काम संपल्यावर वाफेचे प्रमाण दहा लाखांत एक भागाच्या खाली आल्याचे मापकावर पाहूनच आत जाणे, ही त्यांची किमान शिस्त आहे. प्रशिक्षणाविना हे काम अंगावर घेऊ नये.

टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या फरश्या आणि रंगही मिळतात. त्यांच्यावर पुरेसा अतिनील प्रकाश पडत असेल तरच त्या काम करतात. साध्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे आतल्या खोलीत असा लेप बहुतांशी केवळ रंग म्हणूनच उरतो. दारांच्या मुठी, बटणे, टेबलाच्या कडा अशा वारंवार हात लागणाऱ्या जागा रोज पेरॉक्साइडने पुसणे हे त्याहून भरवशाचे आहे.

परिणाम झाला की नाही

ज्यांना प्रयोगशाळेची सोय आहे त्यांनी पोषक अगारच्या थाळ्या जमिनीपासून एक मीटर उंचीवर, भिंतींपासून एक मीटर दूर, एक तास उघड्या ठेवाव्यात आणि ४८ तास ३६ अंश सेल्सिअसला उबवून वसाहती मोजाव्यात. इथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. तुलना ‘यंत्र बंद’ आणि ‘यंत्र चालू’ अशी दुहेरी न करता तिहेरी करावी: एकदा यंत्र पूर्ण बंद, एकदा फक्त पंखा आणि गाळणी चालू पण दिवा बंद, आणि एकदा सर्व चालू. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीत फरक दिसला नाही, तर जे काम झाले ते गाळणीने केले आहे आणि हायड्रॉक्सिलसाठी दिलेले पैसे दिव्याच्या निळ्या प्रकाशात गेले आहेत. तिन्ही स्थितींत माणसांची संख्या, दारांची उघडझाप आणि दिवसाची वेळ सारखी ठेवावी, आणि प्रत्येक स्थिती वेगवेगळ्या दिवशी निदान चार-पाच वेळा पाहावी, कारण हवेतील जिवाणूंची संख्या एका तासात सहज दुप्पट-तिप्पट होते. घरी थाळ्या उबवू नयेत. वाढलेल्या वसाहती कोणत्या जिवाणूच्या आहेत हे कळत नाही आणि त्यांची विल्हेवाट लावण्याची सोय नसते. घरच्या वापरासाठी कार्बन डायऑक्साइडचा, सूक्ष्म कणांचा आणि ओझोनचा असे तीन आकडे नियमित लिहून ठेवणे पुरेसे आहे. यंत्र चालू केल्यावर सूक्ष्म कणांचा आकडा वाढला, तर खोलीतील वाफांपासून नवे कण तयार होत आहेत असा संशय घ्यावा.

देखभाल

अतिनील दिवा निळा दिसतो म्हणून तो काम करतो आहे असे नव्हे. दिसणारा प्रकाश टिकून राहतो आणि न दिसणारा हळूहळू घटतो. पारा-बाष्पाचे दिवे साधारण नऊ हजार तासांनी, म्हणजे अखंड चालवल्यास वर्षभरात, बदलावे लागतात. दिव्याच्या काचेला उघडी बोटे लावू नयेत, कारण बोटांचे तेल काचेवर जळून डाग पडतो. धूळ बसली असेल तर वीज तोडून, दिवा थंड झाल्यावर, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. यंत्राचे झाकण उघडल्याबरोबर दिवा आपोआप बंद झाला पाहिजे, कारण २५४ नॅनोमीटरचा प्रकाश काही मिनिटांत डोळ्यांचा पारदर्शक पडदा आणि त्वचा भाजतो, आणि त्या क्षणी काहीच जाणवत नाही. टायटॅनियमच्या जाळीला सिलिकॉनयुक्त वाफांचा, म्हणजे केसांना लावायच्या काही द्रवांचा आणि फटी बुजवण्याच्या सीलंटचा, फार त्रास होतो. त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन जाळीवर वाळूसारखा थर बसतो, तो धुऊन निघत नाही आणि जाळी बदलावीच लागते. जुना दिवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, त्यात पारा असतो. तो धोकादायक कचरा गोळा करणाऱ्यांकडे फुटणार नाही अशा वेष्टनात द्यावा. नवा दिवा बसवल्यावर त्याची तारीख यंत्रावर चिकटवावी, ओझोनचा आकडा नव्याने घ्यावा, आणि सोय असेल तर तिहेरी तुलनाही पुन्हा एकदा करावी.